कारण : अक्षर सुधारले

पोस्टातून आलेल्या कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं : 'आपल्या नावे परदेशातून एक नग कारंजे आले आहे. आवश्यक त्या ना-हरकत पत्रासह येऊन ताब्यात घ्यावे.'

खरीप्रतसाहेबांनी ते कार्ड चष्मा लावून वाचलं, मग चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि मग मागच्या बाजूला काही खुलासा आहे का ते पाहिलं. मागे फक्त त्यांचा पत्ता होता आणि दुर्दैवाने तो बरोबर होता.

खरीप्रत हे नाव अर्थातच त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. साहेब पाणीपुरवठा कार्यालयात अधिकारी होते आणि दाखल्यांच्या झेरॉक्सवर 'खरी प्रत' असा शिक्का मारून खाली सही करायचा अधिकार त्यांना होता. कार्यालयात त्यांना याखेरीज दुसरा कसलाही अधिकार नव्हता. साधा नळ दुरुस्त करायचा म्हटला तरी वरून परवानगी आणावी लागे. पण या एका अधिकाराच्या जोरावर त्यांचा कॉलनीत दबदबा होता. कुणाच्या मुलाचा प्रवेश असो, कुणाची नोकरी असो, माणसं झेरॉक्सची चळत घेऊन त्यांच्या दारात उभी राहत. साहेब शिक्क्यावर फुंकर मारत, सही ठोकत, आणि समोरचा माणूस त्या क्षणापासून खरा ठरे. बायको मात्र या सगळ्याला 'तुमचा ठोकळा' म्हणत असे.

तर साहेबांनी मागवलं होतं पेन. फाउंटन पेन, जपानी. इतकी वर्षं जगाला खरं ठरवायचं, आणि तेही टेबलाला दोरीने बांधलेल्या बॉलपेनने, याची त्यांना एके दिवशी अचानक लाज वाटली. का वाटली याच्या खोलात आपण जायला नको. पन्नाशी उलटल्यावर माणसाला कधी कशाची लाज वाटेल याचा नेम नसतो. कुणाला पोटाची वाटते, कुणाला मेहुण्याची वाटते. साहेबांना या दोन्हींची सवय झाली होती, म्हणून त्यांना बॉलपेनची वाटली.

पार्सलच्या खिडकीवर बसलेल्या माणसाने कार्ड पाहिलं, मागच्या फळीवरून वहाणेच्या खोक्याहूनही लहान असं एक खोकं काढलं आणि ते स्वतःजवळच ठेवलं.

"पाणीपुरवठ्याचं ना-हरकत आणलंय?"

"अहो, हे कारंजं नाही. पेन आहे पेन. फाउंटन पेन."

"फाउंटन म्हणजे काय?"

"म्हणजे... तसं बघायला गेलं तर कारंजं, पण—"

"मग भांडता कशाला? आमच्या कॉम्प्युटरने कारंजंच लिहिलंय."

"खोकं बघा की! यात कारंजं मावेल का?"

पार्सलवाल्याने खोकं हातात घेऊन हलवून पाहिलं. आत काहीतरी बारीकसं खुळखुळलं. "सुट्टे भाग असतील," तो म्हणाला. "जपानी लोक फार लहान करतात सगळं."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. कारंजं म्हटलं की पाणी आलं आणि पाणी आलं की पाणीपुरवठा कार्यालयाची परवानगी आली. साहेबांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. तो रीतसर पोस्टातून निघाला, रीतसर आवक खिडकीवर पोचला, दोन टेबलांवर झोपला आणि शेवटी 'कारंजे' हा विषय ज्यांच्याकडे होता त्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर आला. ते अधिकारी खुद्द साहेबच होते. त्यांनी अर्ज बारकाईने वाचला, कारण नियम म्हणजे नियम, आणि त्यावर शेरा मारला : 'अर्जदार परिचयाचा आहे. सदर कारंज्यास पाणी लागत नाही, शाई लागते. सबब हरकत नाही.' वरिष्ठांनी बोलावून घेतलं आणि विचारलं की हे शाईचं कारंजं नेमकं कुठल्या चौकात बसवायचं घाटतंय. साहेबांनी खिशाकडे बोट दाखवलं. वरिष्ठांनी त्यांना तब्येतीला जपायला सांगितलं आणि ना-हरकतीवर सही केली.

एव्हाना बातमी कॉलनीत फुटली होती. सोसायटीचे सेक्रेटरी संध्याकाळी टॉर्च घेऊन आले आणि सरळ बाल्कनीत शिरले.

"इथे बसवणार म्हणे?"

"काय?"

"कारंजं. खालच्या घरात ओल आली तर जबाबदार कोण? आधी सोसायटीला पत्र द्या. आणि रात्री दहानंतर उडवायचं नाही."

सेक्रेटरींच्या मागोमाग मेहुणा आला. त्याला पेनचं खरं कळल्यावर तर तो कारंज्यापेक्षाही जास्त चिडला. "पेन? पेनसाठी जपान? अहो भावजी, कोपऱ्यावरच्या दुकानात डझनावर मिळतात. हरवलं तर वाईट वाटत नाही."

"वाईट वाटावं असंच पेन मला हवंय," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते बायकोला ऐकवायला स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा म्हटलं. बायको म्हणाली, "बरं. पिठाचा डबा खाली काढून द्या."

आणि पेन आलं.

आता त्या पेनाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कुणाला घाई असेल तर त्याने बॉलपेन वापरावं. पेन काळं होतं, पण काळ्या रंगात इतकी खोली असू शकते हे साहेबांना माहीत नव्हतं. त्यात तोंड दिसत होतं आणि ते नेहमीपेक्षा बरं दिसत होतं. टोपण फिरवलं की शेवटच्या अर्ध्या वेढ्याला एक बारीक, समजूतदार अडथळा लागे, आणि मग ते असं बसे की आतली शाई महिना महिना वाळायची नाही. निब सोन्याची आणि बारीक होती. जपानी लिपीत म्हणे एवढ्याशा चौकोनात वीस-वीस रेघा कोंबाव्या लागतात, म्हणून तिथले कारागीर निब घासताना जिवावर उदार होऊन घासतात. कागदावर टेकवली की ती पेन्सिलीसारखी हळूच कुजबुजत असे. मऊ होती, पण घसरत नव्हती. आपण काय लिहितोय ते हाताला कळत होतं. साहेबांच्या हाताला हे इतक्या वर्षांत कुणी कळू दिलं नव्हतं.

त्यांनी आधी 'श्री' लिहिलं. मग स्वतःचं नाव लिहिलं. आणि त्यांना खरोखर भरून आलं.

त्यांची जुनी सही म्हणजे एक आद्याक्षर, त्याला एक गचका आणि पुढे भिंतीवरून पाल पळून जावी तशी एक रेघ. दिवसाला शंभर प्रतींवर ठोकून ठोकून ती तशी झाली होती. या पेनाने ती येईना. पेन गचका घेऊ देईना. ते प्रत्येक अक्षरापाशी थांबे, वळण पुरं करी, अनुस्वार जिथल्या तिथे ठेवी आणि मगच पुढे जाई. साहेबांचं आख्खं नाव, बापाच्या नावासकट, कागदावर धुतल्यासारखं उभं राहिलं.

मुलगी डोकावली आणि म्हणाली, "बाबा, सही!"

"कुठे?" साहेबांनी टोपण काढलेलं पेन रोखून विचारलं.

"अहो बाबा, कुठे काय? सही म्हणजे मस्त! भारी!"

साहेबांना हा अर्थ नवीन होता. त्यांच्या पिढीत सही ही करायची गोष्ट होती, असायची नव्हे. पण त्या दिवशी त्यांना तो अर्थ पटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरीचं बॉलपेन कापून शिपायाला देऊन टाकलं आणि तेव्हापासून खऱ्या प्रतींवर खरं अक्षर उमटू लागलं.

पहिली तक्रार आली ती झेरॉक्सवाल्याकडून. साहेबांची रेघ इतकी नाजूक की प्रतीची प्रत काढली की सही गायब. नुसता शिक्का राही आणि खाली मोकळी हवा. साहेबांनी यावर शांतपणे तोडगा काढला. त्यांनी गडद शाईची दौत, म्हणजे इंकवेल, मागवली. या खेपेस पार्सलवर 'विहीर' असं भाषांतर आलं होतं, पण पार्सलवाला आता ओळखीचा झाला होता. त्याने कारंज्याचंच जुनं ना-हरकत चालवून घेतलं.

दुसरी तक्रार मात्र जिव्हारी लागली.

वरच्या मजल्यावर सिस्टर राहत. त्या मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या आणि अख्खा वॉर्ड त्यांच्या नुसत्या बुटांच्या आवाजाने बरा होत असे. मेट्रनच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता. ही जागा निघायची वाट त्या कित्येक वर्षं बघत होत्या. मधल्या काळात त्यांनी शिकवलेल्या पोरी पुढे गेल्या आणि त्यांनाच हुकूम सोडू लागल्या. मुलाखत शुक्रवारी होती. आणि बुधवारी त्यांची कागदपत्रं परत आली. वर लाल शेरा होता : 'प्रतींवरील अधिकाऱ्याची सही नोंदीतील नमुन्याशी जुळत नाही. प्रती संशयास्पद.'

सोबत साहेबांनाही एक पत्र होतं. त्यांनी नमुन्याप्रमाणे सही करावी किंवा सही-नमुना विभागात येऊन शिक्का जमा करावा. आणि संशयित प्रत ज्याने खरी ठरवली, त्यानेच ती पुन्हा खरी ठरवली पाहिजे. दुसऱ्या कुणाची सही तिथे चालणार नव्हती.

"हे काय आहे?" सिस्टरांनी दारातूनच विचारलं. कॉलनीत त्या साहेबांशी एरवी अदबीने बोलत, पण आज त्या बुटांसकट आल्या होत्या.

साहेबांनी सही पाहिली. "माझीच आहे. कधी नव्हे इतकी माझी आहे."

"मग जुळत का नाही?"

"चांगली आहे म्हणून."

"मला चांगली नको, जुळणारी द्या!" सिस्टरांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "साहेब, पुढच्या वेळी जागा निघेल तेव्हा माझी रिटायर व्हायची वेळ आलेली असेल."

साहेबांना फार वाईट वाटलं. त्यांनी लगेच कोरे कागद घेतले आणि जुनी सही करायला बसले. पेनाने ऐकलं नाही. गचक्यापाशी आलं की ते सोन्याची निब वर करून जणू विचारी, नक्की? मग त्यांनी बॉलपेन मागवलं. त्यानेही येईना. हात आता शिकून शहाणा झाला होता. आद्याक्षर सुंदर येई, गचका मुद्दाम दिल्यासारखा दिसे आणि पालीची रेघ मध्येच थांबून मागे वळून बघे. स्वतःचीच सही खोटी करायला बसलेला माणूस किती केविलवाणा दिसतो, हे त्यांना समोरच्या काचेच्या कपाटात दिसत होतं.

बायको बाजूला उभी राहून बघत होती. तिने त्यांच्या हातातून बॉलपेन घेतलं आणि उभ्याउभ्याच एक आद्याक्षर, एक गचका, एक पाल काढून दाखवली. हुबेहूब.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून ती सही पाहिली.

"हे तू कुठे शिकलीस?"

"मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर कोण करत होतं? गॅसवाला आला की कोण करतं? तुम्ही घरी असता कधी?" ती म्हणाली. "द्या सिस्टरांची कागदं. चार मिनिटांत करून टाकते."

सिस्टरांनी कागद पुढे केलेसुद्धा. साहेबांनी ते झडप घालून छातीशी धरले.

"अजिबात नाही! माझी सही तू केलीस तर ती खोटी सही झाली!"

"आणि तुम्ही केलीत तर ती जुळत नाही. म्हणजे खरी ती चालत नाही आणि चालते ती खोटी. मग काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

ठरवायला कॉलनी धावून आलीच. सेक्रेटरींनी सुचवलं की साहेबांनी अंगठा उठवावा, अंगठा कुठल्याही पेनाने सुधारत नाही. मेहुण्याने सुचवलं की पेन त्याला देऊन टाकावं, म्हणजे विषयच मिटला. तळमजल्यावरच्या शिंप्याने डाव्या हाताने सही करायचा सल्ला दिला. त्याच्या मते कुठलाही माणूस डाव्या हाताने आपोआप सरकारी सही करतो. साहेब सगळ्यांना एकच उत्तर देत होते, "मी माझं अक्षर बिघडवणार नाही." पण प्रत्येक वेळी ते म्हणताना त्यांची नजर कोपऱ्यात गप्प बसलेल्या सिस्टरांकडे जाई आणि आवाज थोडा उतरे.

शेवटी युक्ती सिस्टरांनीच काढली. सही बदलता येते, तसा फॉर्म आहे, एवढं त्यांनी दवाखान्यातल्या कारकुनाकडून काढून आणलं होतं. बदलाची कारणं छापील होती. विवाह, नावात बदल, हातास इजा, इतर. साहेबांचा विवाह झालेला होता आणि बायको समोरच उभी होती.

"हातास इजा," सिस्टर म्हणाल्या. "बसा इथे."

साहेबांनी विरोध केला, पण तो तोंडी होता. हात सिस्टरांच्या ताब्यात गेलेला होता. बघता बघता त्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत क्रेप बँडेजचे असे वेढे दिले की आत हात आहे यावर विश्वास ठेवणं कठीण जावं. वर गळ्यात झोळी. साहेबांना आपण आपल्याच हाताशी गद्दारी करतोय असं वाटलं, पण कागदपत्रं परत आल्यापासून सिस्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा रंग आला होता, म्हणून ते मूग गिळून बसले.

गुरुवारी सकाळी दोघं सही-नमुना विभागात पोचले. हा विभाग जिन्याखाली होता. सगळ्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने इथे कपाटात असत आणि त्यांच्यावर नेमलेल्या गृहस्थांना सगळे नमुनेसाहेब म्हणत. हे नाव त्यांच्या कामावरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल दोन मतं होती. टेबलावर एक दोरी होती. दोरीच्या टोकाला एकेकाळी बॉलपेन असावं.

"बोला," नमुनेसाहेब म्हणाले.

"सही बदलायची आहे. हाताला इजा झालीय," सिस्टर म्हणाल्या.

"त्यांना बोलता येतं ना?"

"येतं," साहेब म्हणाले.

"हाताला इजा झालीय?"

साहेबांनी सिस्टरांकडे पाहिलं, झोळीकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली.

"बरं. मग समोर तीन नमुना सह्या करा."

साहेबांनी बँडेजच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. त्यात पेन कुठे खुपसावं हा प्रश्न होता.

"या हाताने?"

"मग काय माझ्या? नाही करता येत? म्हणजे हात बरा झाल्यावर या," नमुनेसाहेबांनी फॉर्म परत सरकवला. "पण हात बरा झाला की जुनीच सही येईल. मग बदल कशाला हवा? म्हणजे येऊ नकाच. पुढचा!"

मागे कुणीच नव्हतं. सिस्टर खुर्चीवर मटकन बसल्या. त्या पर्स उघडून रुमाल शोधू लागल्या, आणि ज्या बाईने वॉर्डात कुणासमोर कधी डोळे पुसले नव्हते तिला रुमाल शोधताना पाहून साहेबांच्या डोक्यात सणक गेली.

त्यांनी झोळी गळ्यातून उपसून काढली. बँडेजची पिन उपटली आणि ते सोडायला सुरुवात केली. पण बँडेज सिस्टरांनी बांधलेलं होतं, ते अपमान झाला म्हणून पटकन सुटणार नव्हतं. साहेब वेढे उलगडत होते, बँडेज टेबलावरून, फायलींवरून, नमुनेसाहेबांच्या मांडीवरून वाहत होतं, आणि साहेबांचं बोलणंही तसंच चालू होतं.

"माझ्या हाताला काहीही झालेलं नाही! इतकी वर्षं झालेलं होतं, तेव्हा तुमच्यापैकी कुणी दाखला मागितला नाही. एक गचका आणि एक पाल, त्याला तुम्ही माझं नाव म्हणत होतात, आणि मीही म्हणत होतो! आता हात बरा झालाय तर तुम्हाला संशय येतो? द्या तो फॉर्म इकडे!"

मोकळ्या झालेल्या हाताने त्यांनी खिशातून पेन काढलं, अर्धा वेढा फिरवून टोपण काढलं आणि 'इतर' या शब्दासमोर ठसठशीत लिहिलं : अक्षर सुधारले.

नमुनेसाहेबांनी वाचलं. "इतर हा रकाना भरायचा नसतो."

"मग छापलाय कशाला?"

"फॉर्म पूर्ण दिसावा म्हणून. आणि हे कारण होऊ शकत नाही."

"का?"

"आजवर कुणाचं सुधारलेलं नाही."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता एकदम शांत झाला होता, आणि त्यांचा असा आवाज त्यांच्या वरिष्ठांनी ऐकला असता तर पुन्हा तब्येतीला जपायला सांगितलं असतं. "हा घ्या शिक्का. जमा करतो. पण तसं लेखी द्या. 'सदर अधिकाऱ्याचे अक्षर सुधारले असल्याने त्याचा अधिकार काढून घेण्यात येत आहे.' लिहा, आणि खाली तुमची सही करा. मी ते फ्रेम करून पाणीपुरवठ्याच्या दारात लावतो."

"देतो की!" नमुनेसाहेबही पेटले. त्यांनी दोरी ओढली. दोरीच्या टोकाला काही नव्हतं. ड्रॉवर उघडला, त्यात रिफिली होत्या, पण पेनं नव्हती. त्यांनी हात पुढे केला. "पेन द्या."

ही परीक्षा मात्र साहेबांनी गृहीत धरली नव्हती. फाउंटन पेन कुणाला वापरायला द्यायचं नसतं, त्यातून बॉलपेन दाबणाऱ्याला तर नाहीच नाही. नमुनेसाहेबांचा अंगठा दगडावर नावं कोरणाऱ्याचा होता. एकदा दाबलं की सोन्याच्या निबेचे दोन पाय दोन दिशांना जाणार, आणि जपानातल्या त्या अनोळखी कारागिराचं जिवावर उदार होणं इथे जिन्याखाली संपणार. साहेबांनी सिस्टरांकडे पाहिलं. मग त्यांनी पेन दिलं.

"दाबू नका," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "नुसतं टेकवा. पुढचं ते करतं."

नमुनेसाहेबांनी रागाने पेन टेकवलं. साहेबांनी डोळे मिटले. काहीतरी कुजबुजल्याचा आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा आला, पहिल्यापेक्षा हळू. साहेबांनी एक डोळा उघडला.

नमुनेसाहेब 'सदर अधिकाऱ्याचे' एवढंच लिहून कागदाकडे बघत होते. मग त्यांनी 'अक्षर' लिहिलं आणि 'क्ष'ची गाठ जरा वाकून, जीभ दाताखाली धरून पुरी केली. 'सुधारले असल्याने' लिहीपर्यंत त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. तिथे ते थांबले. बराच वेळ त्यांनी स्वतःचं अक्षर न्याहाळलं. बाकीचं वाक्य या अक्षरात लिहिलं तर ते फार वाईट दिसेल, असं त्यांना वाटलं असावं.

त्यांनी पुढे लिहिलं : 'बदल मंजूर. आजपासून ग्राह्य.' आणि सही केली. मग ती सही त्यांनी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली, आणि पेन परत द्यायला अंमळ उशीर लावला.

सिस्टरांच्या प्रती तिथेच, बँडेज बाजूला सारून, नव्या सहीने खऱ्या झाल्या. शुक्रवारी मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्यांना पुढे कधीतरी कळलं की बाईंनी त्यांनाच दोन प्रश्न उलटे विचारले होते. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी सिस्टर पेढ्यांऐवजी क्रेप बँडेजचा एक नवा रोल घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "मागचा काही तुमच्या कामी आला नाही. हा ठेवा." त्या बोलता बोलता रडल्या आणि मग रडल्याबद्दल साहेबांनाच रागावल्या. त्या मेट्रन झाल्या, पण कॉलनीने त्यांना सिस्टरच म्हणणं चालू ठेवलं.

पेनाचं म्हणाल तर ते खिशाला लागलेलंच असे. मेहुणा आला की साहेब ते मुद्दाम काढून टेबलावर ठेवत आणि त्याच्या बोटांवर नजर ठेवत.

पुढे एका रविवारी दारावरची बेल वाजली. दारात नमुनेसाहेब उभे होते. सुट्टीच्या कपड्यांत ते बरेच कमी सरकारी दिसत होते. खिशाला एक नवं कोरं, गर्द निळं पेन लावलेलं होतं.

"आत या की," साहेब म्हणाले.

"अडचण झालीय," नमुनेसाहेब खुर्चीच्या टोकावर बसले. "माझ्या सह्या परत येताहेत. जुळत नाहीत म्हणे. वरून पत्र आलंय. पण मी आता पुन्हा तसली सही करणार नाही. काय करायचं ते करा म्हणावं!" त्यांनी खिशातून फॉर्म काढला. "एका अधिकाऱ्याची साक्ष लागते."

साहेबांनी फॉर्म घेतला आणि कारणाच्या रकान्यापर्यंत आले. तिथे सुरेख, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : वरीलप्रमाणे.

"अहो, पण या फॉर्मवर वर तर काहीच नाही."

"वर म्हणजे तुम्ही," नमुनेसाहेब म्हणाले. "माझ्या कपाटात तुमचा फॉर्म माझ्या वरच आहे."

चहा घेऊन आलेल्या बायकोने साहेबांच्या खांद्यावरून फॉर्म वाचला. तिने ते अक्षर पाहिलं, त्या दोघांना पाहिलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, लेकीचा शब्द उसना घेऊन, मनापासून म्हणाली,

"सही!"

दोघांनीही एकदमच टोपणं काढली आणि विचारलं,

"कुठे?"